जखमेच्या काठावर

जखम भरते आहे की नाही हे पाहायचे असेल तर तिच्या मधोमध पाहू नये, कडेला पाहावे. ही शिकवण मला पाठ्यपुस्तकातून मिळाली नाही. डॉक्टर होऊन वर्ष उलटल्यावर ड्रेसिंगच्या खोलीत एका अनुभवी सिस्टरांनी ती दिली. सलाइनने भिजवून त्यांनी गॉज अलगद सोडवला, दिवा जवळ ओढला आणि फॉरसेप्सच्या टोकाने, स्पर्श न करता, कड दाखवली. लालबुंद, दाणेदार मांसावर चहूबाजूंनी एक फिकट, निळसर-गुलाबी पापुद्रा आत सरकत होता, कांद्याच्या दोन पाकळ्यांमधल्या पापुद्र्याइतका पातळ. "कड चालू लागली की जखम भरलीच समजा," त्या म्हणाल्या. पलीकडच्या टेबलावर एक शेतकरी काका पाय सोडून बसले होते. त्यांच्या तळपायाला, अंगठ्याच्या बुडाशी, रुपयाएवढी जखम होती. तिची कड पांढरट, घट्टा पडल्यासारखी टणक, आत मुडपलेली. चार महिने ती जागची हलली नव्हती.

हे पुस्तक या दोन कडांमधल्या फरकाचे आहे.

काकांना बारा वर्षांपासून मधुमेह होता. पाय बधिर झालेले. चपलेत शिरलेला खडा दिवसभर रुतत राहिला आणि संध्याकाळी ओसरीवर रक्ताचे ठसे उमटले तेव्हा घरच्यांना कळले. त्यांची जखम माझ्याकडे होती. पू तपासणीला पाठवायचा, अहवालात जी अँटिबायोटिक लागू पडेल असे लिहून येईल ती द्यायची, काही आठवड्यांनी पुन्हा तेच. असे मी तीनदा केले. एसटी स्टँडपासून दवाखान्यापर्यंत ते त्याच पायाने चालत येतात, हे मी एकदाही विचारले नाही. एके दिवशी त्यांनीच मला विचारले, "डॉक्टर, औषध अंगात जातंय, जंतू मरतायत म्हणता, मग जखमेला का कळत नाही?" साखर ताब्यात ठेवा, असे काहीतरी मी बोललो. पुढे पू हाडापर्यंत गेला आणि अंगठा काढावा लागला. काकांचा प्रश्न अक्षरशः बरोबर होता, हे उमगायला मला पुष्कळ वर्षे लागली. जखमेला खरोखरच कळत नव्हते. जो निरोप तिच्यापर्यंत पोहोचायला हवा होता, तो वाटेतच फाडला जात होता.

तो निरोप नेणारे रेणू म्हणजे आपल्या शरीरातच तयार होणारी जीवाणूरोधक पेप्टाइडे. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची आखूड माळ. इन्शुलिन सगळ्यांच्या ओळखीचे. त्याच्यात असे ५१ मणी असतात. या पुस्तकात ज्याची गाठ वारंवार पडेल त्या पेप्टाइडात आहेत ३७. घामात, लाळेत, आतड्याच्या अस्तरात, त्वचेच्या वरच्या थरात, रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या पोटात ही पेप्टाइडे साठवलेली किंवा तयार होत असलेली सापडतात. विळीवर बोट कापते, पोराचा गुडघा मातीत सोलवटतो, जेवताना जीभ चावली जाते. त्यांतल्या बहुतेक जखमांकडे कोणी ढुंकून पाहत नाही आणि त्या बऱ्या होतात. जीवाणू तर सगळीकडेच असतात. जखम चिघळली का, हे आपण विचारतो. त्याच्या आधीचा प्रश्न असा की इतक्या जखमा चिघळत का नाहीत?

या प्रश्नाकडे वैद्यकाने बराच काळ पाठ फिरवली, आणि त्याला कारणही तसेच होते. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२२ मध्ये नाकातल्या शेंबडात, अश्रूंत आणि लाळेत जीवाणू विरघळवणारे लायसोझाइम असल्याचे जाहीर केले. सहा वर्षांनी त्यांच्याच बशीत पेनिसिलिनची बुरशी उगवली. पुढच्या पिढ्यांनी बुरशीचा माग काढला, अश्रूंचा नाही. पेनिसिलिनने लाखो जीव वाचवले, त्यामुळे त्यात चूक काढता येणार नाही. पण शरीराच्या स्वतःच्या रसायनांचा विचार त्या झगमगाटात मागे पडला.

तो पुन्हा समोर आला एका बेडकामुळे. आफ्रिकेतला नखवाला बेडूक जगभरच्या प्रयोगशाळांत पूर्वीपासून पाळला जाई. एके काळी गर्भधारणेची चाचणीही त्याच्यावर करत. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत मायकेल झॅसलॉफ हे डॉक्टर-संशोधक या बेडकांची अंडी आपल्या प्रयोगांसाठी वापरत. मादीच्या पोटाला छोटा छेद घ्यायचा, अंडी काढायची, टाके घालायचे आणि तिला परत टाकीत सोडायचे. टाकीतले पाणी गढूळ, जीवाणूंनी भरलेले. माणसाच्या पोटाचे टाके ओले झाले तरी आपण घाबरतो. या बेडकांचे टाके मात्र त्या पाण्यात राहून स्वच्छ भरत होते, ना लाली, ना पू. हे दृश्य अनेकांनी अनेकदा पाहिले असणार. झॅसलॉफ थांबले आणि त्यांनी बेडकाच्या कातडीत शोध घेतला. १९८७ मध्ये त्यांनी २३ अमिनो आम्लांची दोन पेप्टाइडे जगापुढे ठेवली आणि हिब्रू भाषेतल्या ढालीच्या शब्दावरून त्यांना 'मॅगेनिन' असे नाव दिले.

ते एकटे नव्हते. स्वीडनमध्ये हान्स बोमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये सिक्रोपिया पतंगाच्या कोशात जीवाणू टोचून त्याच्या रक्तरसातून 'सिक्रोपिन' वेगळे केले होते. कीटकांना आपल्यासारख्या अँटिबॉडी तयार करता येत नाहीत. मग ते जगतात कसे, या साध्या कुतूहलातून ते काम उभे राहिले. लॉस एंजेलिसला लेहरर, गँझ आणि सेलस्टेड यांनी १९८५ मध्ये माणसाच्या पांढऱ्या पेशींतली 'डिफेन्सिन' दाखवली. त्याच्याही आधी, १९७९ मध्ये, हैदराबादला रेड्डी आणि पुष्प मित्र भार्गव यांनी बैलाच्या वीर्यरसातले जीवाणूरोधक 'सेमिनलप्लाझ्मिन' प्रसिद्ध केले होते. हा विषय सांगताना हे नाव क्वचितच घेतले जाते, म्हणून मी ते मुद्दाम घेतो. सह्याद्रीचाही यात वाटा आहे. पुण्याच्या अभ्यासकांच्या चमूने २०१५ मध्ये 'बहुविस्तारा' नावाने एका बेडकाचे वर्णन केले. दोनच वर्षांनी त्याच जातीच्या बेडकाच्या कातडीतून केरळ आणि अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी फ्लूच्या काही विषाणूंना मारणारे पेप्टाइड मिळवले आणि केरळच्या लवचीक तलवारीवरून, उरुमीवरून, त्याला 'उरुमिन' म्हटले.

बेडूक, पतंग, बैल आणि माणूस यांच्यात ही पेप्टाइडे वेगवेगळी आहेत, पण युक्ती बहुतेकांची एकच. जीवाणूच्या बाह्य आवरणावर ऋण भार असतो. आपल्या पेशींचे आवरण बाहेरून जवळपास भाररहित असते आणि कोलेस्टेरॉलमुळे घट्टही. पेप्टाइडावर धन भार असतो, म्हणून ते जीवाणूकडे ओढले जाते. एकदा चिकटले की त्याची तेलकट बाजू आवरणात रुतते, आवरणाची वीण उसवते आणि आतले द्रव्य बाहेर झिरपू लागते. मारण्याची ही रीत कुठल्याही एका कुलपाच्या किल्लीवर अवलंबून नाही, म्हणून जीवाणूंना तिच्यापासून सुटणे अवघड जाते. अशक्य मात्र नाही. स्टॅफिलोकोकस ऑरियस, म्हणजे गळवांपासून हाडातल्या पुवापर्यंत आपल्याला भेटणारा जीवाणू, स्वतःच्या आवरणावर धन भाराचे तुकडे जडवतो आणि आपली ओढ कमी करून घेतो.

इथवरची गोष्ट मारण्याची झाली, आणि मीही बरीच वर्षे ती तेवढीच समजत होतो. खरे महत्त्व पुढच्या गोष्टीला आहे.

माणसाकडे 'कॅथेलिसिडिन' या कुळातले एकच पेप्टाइड आहे. माळेची सुरुवात दोन ल्युसीननी होते, मणी ३७, म्हणून त्याला एलएल-३७ म्हणतात. ते लांब प्रथिनाच्या रूपात झोपलेले असते. जखम झाली की एक विकर त्याचा नेमका तुकडा तोडून त्याला जागे करते. स्टॉकहोमच्या संशोधकांनी २००३ मध्ये निरोगी माणसांच्या त्वचेवर ताज्या छोट्या जखमा करून पाहिले. इजेनंतर ४८ तासांनी एलएल-३७ सर्वाधिक होते. जखम मिटत गेली तसे ते ओसरून मूळ पातळीवर आले. मग त्यांनी जुनाट जखमांच्या कडा तपासल्या. त्यांच्या वरच्या थरात ते नव्हतेच. तिसरा प्रयोग मला सर्वांत बोलका वाटतो. बशीत जिवंत ठेवलेल्या त्वचेच्या जखमेत त्यांनी एलएल-३७ला अडवणारी अँटिबॉडी घातली. अँटिबॉडीची मात्रा वाढवावी तसे कातडी सरकणे कमी होत गेले. हे पेप्टाइड जीवाणू मारते, हे खरेच. पण ते त्वचेच्या पेशींना 'चला' असेही सांगते. इतर प्रयोगांतून दिसले की नव्या रक्तवाहिन्या फुटायला आणि पांढऱ्या पेशी गोळा व्हायलाही तेच बोलावणे धाडते. सिस्टरांनी दाखवलेली ती निळसर-गुलाबी कड अशा निरोपांवर चालते.

मग जुनाट जखमेत हा निरोप हरवतो कुठे? कापल्यानंतरचे पहिले काही दिवस सूज, लाली, उष्णता असते. ती यायलाच हवी आणि वेळेवर जायलाही हवी. चिघळलेली जखम त्या पहिल्याच टप्प्यात अडकून पडते. पांढऱ्या पेशींचे थवे येतात, त्या फुटतात आणि प्रथिने कातरणारी विकरे ओकत राहतात. प्रमाणात असतील तर हीच विकरे एलएल-३७ला जागे करतात. त्यांचा पूर आला की उपयोगी पेप्टाइडे, वाढीचे घटक, नव्याने विणलेले कोलॅजन, सगळ्याचाच भुगा होतो. भर म्हणून जीवाणूही आपापल्या कात्र्या चालवतात. स्यूडोमोनासची विकरे एलएल-३७चे तुकडे करतात, हे स्वीडनमध्येच २००२ मध्ये दाखवले गेले; स्टॅफिलोकोकसचीही करतात, हे त्यानंतर दिसले. त्यातून जीवाणू सुटे राहत नाहीत. विहिरीच्या पायरीवरच्या शेवाळासारखा बुळबुळीत थर करून ते त्याच्या आत बसतात. हा थर, म्हणजे बायोफिल्म, धुऊन निघत नाही; खरवडावा लागतो. काकांचा पू ज्या बशीत वाढवला जात होता, त्या बशीतले जीवाणू मोकळे होते. पायातले तसे नव्हते. अहवाल खोटा नव्हता, पण तो दुसऱ्याच ठिकाणचा होता.

सगळी पेप्टाइडे जुनाट जखमेत कमी होतात असेही नाही. मेक्सिकोतल्या संशोधकांना मधुमेहींच्या पायाच्या जखमांत बरीचशी डिफेन्सिन उलट वाढलेली दिसली. कमी पडले होते ते एलएल-३७. म्हणजे आरडाओरडा भरपूर, आणि नेमका जो आवाज हवा तोच बसलेला. उलटे उदाहरण सोरायसिसचे. त्या लाल, खवलेदार चट्ट्यांत जंतुसंसर्ग फारसा होत नाही, हे त्वचातज्ज्ञांना पूर्वीपासून माहीत होते. जर्मनीतल्या कील शहरात १९९७ मध्ये त्याच खवल्यांतून डिफेन्सिनचा एक नवा प्रकार विपुल प्रमाणात मिळाला. कमी झाले तर जखम उघडी राहते, अकारण जास्त झाले तर त्वचा धुमसते. शरीर हे मोजूनमापून वापरते.

हे मोजमाप विसरल्यामुळे औषध बनवण्याचे पहिले मोठे प्रयत्न फसले, असे माझे मत आहे. मॅगेनिनवरून 'पेक्सिगॅनन' नावाचे मलम तयार झाले. १९९० च्या दशकात मधुमेहींच्या पायाच्या, सौम्य संसर्ग झालेल्या जखमांवर त्याच्या चाचण्या झाल्या. ८३५ रुग्णांत ते तोंडाने घ्यायच्या अँटिबायोटिकच्या तोडीस तोड दिसले. तरी १९९९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला परवानगी दिली नाही. दुसऱ्या कंपनीने पुन्हा प्रयत्न केला. २०१६ मध्ये निकाल आले: पेप्टाइड नसलेले साधे मलम आणि पेक्सिगॅनन यांत फरक निघाला नाही. दोन्ही गटांतल्या रुग्णांची जखम नीट साफ केली जात होती, पायाची काळजी घेतली जात होती. बेडकाची ढाल आणली खरी, पण ती अँटिबायोटिकसारखी, मारण्याचे हत्यार म्हणूनच वापरली गेली.

एलएल-३७ने वेगळा धडा दिला. पायाच्या शिरा फुगून होणाऱ्या, महिनोन्‌महिने न भरणाऱ्या जखमांवर स्वीडनमध्ये ३४ रुग्णांत ते लावून पाहिले. निष्कर्ष २०१४ मध्ये आले. तीन मात्रा होत्या. कमी असलेल्या दोन मात्रांनी जखमा निव्वळ द्रावणापेक्षा वेगाने भरल्या. सर्वांत जास्त मात्रेने काहीच फायदा झाला नाही. केवळ जंतुनाशक म्हणून ते काम करत असते तर जास्त मात्रेने कमी फायदा का झाला असता? निरोपाचे तसे नसते. तो कुजबुजून सांगितला तर ऐकू येतो, कानठळ्या बसवून नाही. पुढे १४८ रुग्णांची मोठी चाचणी झाली, तिचे निकाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. सरसकट सगळ्या रुग्णांत फायदा सिद्ध झाला नाही. मोठ्या जखमांत काही आशा दिसली, पण ती नंतरच्या वर्गवारीतली. वाचकाने या पुस्तकातून जादूचे मलम मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. आज दुकानात जाऊन मागता येईल असे ते मलम नाही.

मग हे सारे जाणून घ्यायचे कशासाठी? कारण त्यातून रोजच्या ड्रेसिंगचा अर्थ बदलतो. सुश्रुताने चिकित्सास्थानाच्या पहिल्याच अध्यायात व्रणाचे साठ उपक्रम सांगितले. मराठीत आपण व्रण म्हणतो तो जखम भरल्यावर उरलेल्या खुणेला. सुश्रुताचा व्रण म्हणजे खुद्द जखम, आणि न भरणारी, सडलेली जखम म्हणजे दुष्ट व्रण. आधी शोधन, मग रोपण, हा त्याचा क्रम. घाण, मृत मांस आणि जीवाणूंचा थर काढल्याशिवाय कड चालत नाही, हे आजही तितकेच खरे आहे, आणि आता का खरे आहे हेही सांगता येते. मध आणि तूप ही त्याची आवडती द्रव्ये. मधात मधमाशीचे स्वतःचे डिफेन्सिन असते आणि जीवाणू मारण्यात त्याचा हात असतो, हे नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवले. त्याच वर्षी प्राग शहरात हिरव्या माशीच्या अळीतून 'ल्युसिफेन्सिन' वेगळे केले गेले. आपल्याकडे जखमेत अळ्या पडल्या की टर्पेंटाईन टाकून त्या बाहेर काढायची पद्धत. निर्जंतुक वाढवलेल्या त्या माशीच्या अळ्या मात्र मेलेले मांस तेवढे खातात आणि अमेरिकेत २००४ पासून त्यांना वैद्यकीय वापराची मान्यता आहे. याचा अर्थ डब्यातला मध तळपायाला चोपडावा असा मुळीच नाही. मधुमेहीच्या पायावर घरगुती प्रयोग करून आलेले फार पाय मी पाहिले आहेत.

सूर्यप्रकाशाचाही इथे संबंध येतो, पण थोडक्यात सांगतो. एलएल-३७चे जनुक ड जीवनसत्त्वाच्या इशाऱ्यावर चालते, आणि इजा झालेल्या त्वचेतल्या पेशी ते जीवनसत्त्व जागच्या जागी कार्यरत करून घेतात. त्याची उणीव असेल तर ती भरून काढणे शहाणपणाचे. केवळ त्याच्या गोळ्यांनी जुनाट जखम भरते, असे मात्र कोणी सिद्ध केलेले नाही.

आणि पाय टेकणे थांबवल्याशिवाय तळपायाची जखम भरत नाही. वेल्लोरला पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांवर हे दाखवून दिले होते. त्यांचे मांस सडके आहे म्हणून जखमा भरत नाहीत, असा समज होता. ब्रँड यांनी पाय प्लॅस्टरमध्ये ठेवले, भार हलका केला, आणि त्याच जखमा भरल्या. मांस चांगलेच होते. दर पावलागणिक ते पुन्हा चिरडले जात होते. काकांच्या बाबतीत मी जे विचारले नाही ते हेच. चिरडलेल्या कडेला कितीही निरोप दिले तरी ती चालणार कशी?

भारतात मधुमेहींची संख्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीनुसार सुमारे १० कोटी १० लाख आहे, आणि जगभरच्या अभ्यासांचा अंदाज असा की मधुमेहींपैकी दर पाचांत एकाला, काही गणितांनी तिघांत एकाला, आयुष्यात कधीतरी पायाला जखम होते. या पुस्तकाचे वाचक म्हणून माझ्या डोळ्यांपुढे तालुक्याच्या गावातले डॉक्टर आहेत, ड्रेसिंगच्या खोलीतल्या सिस्टर आणि मामा आहेत, आणि आईच्या किंवा वडिलांच्या पायाला घरी पट्टी बांधणारी मुले-सुना आहेत. रेणूंची नावे लक्षात राहिली नाहीत तरी चालेल. पट्टी सोडल्यावर कड कुठे आहे, काल कुठे होती, हे पाहण्याची सवय लागावी म्हणून प्रत्येक प्रकरण एका जखमेपासून सुरू केले आहे.

त्यासाठी आमच्याकडे एक साधी पद्धत आहे. स्वच्छ पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा जखमेवर ठेवायचा आणि मार्करने कड गिरवायची. तारीख टाकून फायलीत लावायचे. काकांनंतर काही वर्षांनी एक आजी आल्या, त्याच जागी तशीच जखम घेऊन. आधी घट्टा कापला, थर खरवडला, पाय प्लॅस्टरमध्ये ठेवला, रक्तपुरवठा तपासला. त्यांच्या फायलीत अकरा प्लॅस्टिके आहेत. पहिल्यावर सुपारीएवढे वर्तुळ, चौथ्यापर्यंत तसेच, मग पाचव्यावर एका बाजूने आत ओढलेले, आठव्यावर हरभऱ्याएवढे. अकराव्यावर फक्त तारीख आहे. बऱ्या झालेल्या दहा पायांपैकी चारांत वर्षभरात आणि सहांत तीन वर्षांत जखम पुन्हा होते, म्हणून आजी दर तीन महिन्यांनी एमसीआरची, म्हणजे मऊ मायक्रोसेल्युलर रबराची, चप्पल घालून येतात, ती काढतात, आणि विचारायच्या आधी तळपाय दिव्याकडे वळवतात.